अंतर्वर्धी नख व त्यावरील शस्त्रक्रिया

अंतर्वर्धी नख : पायाच्या बोटाच्या नखाची कड किंवा कोपरा लगतच्या त्वचेत रुतून तेथे वेदना, शोथ (दाहयुक्त सूज) आणि पुढे जंतुसंसर्ग निर्माण होणाऱ्या विकारास ही संज्ञा देतात. व्यवहारात त्यास ‘नख रुतणे’ किंवा ‘नख मांसात जाणे’ असे म्हणतात. बहुतेक रुग्णांत हा विकार पायाच्या अंगठ्यास होतो. इतर बोटांना तो क्वचित आणि हाताच्या बोटांना अगदी विरळा आढळतो. नखुरडे हा याच्याशी नेहमी गल्लत केला जाणारा, परंतु वेगळा विकार आहे. नखुरड्यात नखाच्या कडेच्या त्वचेत प्रथम जंतू शिरतात व पू होतो. अंतर्वर्धी नखात प्रथम नखाची धार त्वचेत शिरते व जंतू मागाहून येतात. म्हणून नखुरडे पू काढून दिल्यावर बहुधा बरे होते; अंतर्वर्धी नखातील पू काढला, तरी रुतलेली धार तेथेच राहिल्यास विकार पुन्हा उद्भवतो.

विकार लहान असला, तरी चालणे, पायात जोडा घालणे व रात्री अंगावर पांघरूण घेणेही त्यामुळे कष्टाचे होते. त्यावर अनेक शस्त्रक्रिया सुचविल्या गेल्या आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : दोष नखाचा, नख निर्माण करणाऱ्या मुळाचा, की नखावर चढलेल्या मांसाचा? या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे शस्त्रक्रियेचे स्वरूप व तिचे यश ठरते.

नखाची रचना : नखाचा दिसणारा कठीण भाग म्हणजे नखपट्ट होय. तो केराटीन या प्रथिनाचा बनलेला असून निर्जीव असतो. तो ज्यावर टेकलेला असतो त्या मऊ, रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशा भागास नखशय्या म्हणतात. नखपट्टाच्या दोन्ही बाजूंना त्वचेची घडी असून तिच्यामुळे तयार झालेल्या पन्हळीत नखाची कड बसलेली असते. नखाच्या मागच्या टोकाशी, त्वचेखाली झाकलेले नखजनक ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचा समूह) असते. नखपट्टाची निर्मिती मुख्यतः याच ऊतकापासून होते. नखाच्या बुडाशी दिसणारी पांढरी चंद्रकोर हा त्याचाच पुढचा भाग होय. या ऊतकाचे दोन्ही बाजूंचे कोपरे खोलवर, बोटाच्या कडेकडे वळलेले असतात व वरून दिसत नाहीत. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हे कोपरे सर्वांत महत्त्वाचे आहेत. नख काढूनही कोपऱ्यातील थोडे ऊतक मागे राहिल्यास त्यापासून नखाचा बारीक काटा पुन्हा वाढतो व मांसात रुततो.

हाताचे नख महिन्याला सु. ३ मिमी. वाढते, तर पायाच्या अंगठ्याच्या नखाची वाढ त्याच्या सु. निम्मीच असते. त्यामुळे अंगठ्याचे संपूर्ण नख नव्याने येण्यास एक ते दीड वर्ष लागते. [→ नख].

कारणे : सर्वांत नेहमीचे कारण नखे चुकीच्या पद्धतीने कापणे हे होय. नखाचे कोपरे गोलाकार व खोल कापले, की कडेला एक टोकदार काटा राहून जातो. नख पुढे सरकते तसा तो त्वचेत घुसतो. पूर्वी नराणीने नखे काढताना आणि आता नखकापणीने कापताना ही चूक सारखीच होऊ शकते. दोष हत्याराचा नसून कापण्याच्या रीतीचा असतो. दुखणारा कोपरा आणखी खोल कापण्याकडे रुग्णाची प्रवृत्ती असते. त्याने दोनचार दिवस आराम वाटतो, परंतु मोकळ्या झालेल्या जागी त्वचा वर येते व नवीन नख वाढताना तिच्यात अधिकच रुतते.

दुसरे कारण म्हणजे पुढे निमुळते व घट्ट पादत्राण. अशा जोड्यात अंगठ्यावर दोन्ही बाजूंनी दाब पडून त्वचा नखाच्या कडेवर लोटली जाते. अनवाणी चालणाऱ्या किंवा उघड्या चपला वापरणाऱ्या लोकांत हा विकार कमी आढळतो. दिवसभर बंद बूट घालणारे सैनिक, पोलीस, कारखान्यातील कामगार, खेळाडू व शाळकरी मुले यांच्यात तो अधिक दिसतो. पुणे शहराचा विचार करता ही सर्व कारणे एकत्र आलेली दिसतात. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पुणे व खडकी येथील लष्करी छावण्या आणि पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा यांमुळे बंद व जाड बुटांत वावरणाऱ्या तरुणांची संख्या येथे मोठी आहे. सिंहगडासारखा गड उतरताना पाऊल बुटात पुढे सरकते व प्रत्येक पावलागणिक अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो. आषाढी वारीच्या वाटेवर आळंदी व देहू येथून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्काम करून पुढे पंढरपूरकडे जातात. या चालीत पाय कित्येक दिवस पावसाने व चिखलाने ओले राहतात. ओलाव्याने त्वचा मऊ पडते व आधीच रुतू लागलेले नख तिच्यात सहज शिरते. पायाला फार घाम येणाऱ्या किशोरवयीन मुलांत हीच क्रिया घामामुळे घडते.

यांखेरीज आनुवंशिक रीत्या अधिक वक्र असलेले नख, अंगठ्यास झालेली इजा, लठ्ठपणा, कवकसंसर्गामुळे (बुरशीच्या संसर्गामुळे) जाड झालेले नख आणि कर्करोगावरील काही नवी औषधे ही कारणेही आढळतात. विकार कोणत्याही वयात होत असला, तरी किशोरावस्थेत व तारुण्यात त्याचे प्रमाण अधिक असते. वृद्धांत दृष्टी मंदावल्याने व पायापर्यंत वाकता न आल्याने नखांची निगा राखली जात नाही, म्हणून तो होतो.

लक्षणे व अवस्था : अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद हाइफेट्स यांनी १९३७ मध्ये या विकाराच्या तीन अवस्था वर्णिल्या, थोड्याफार फरकाने त्याच आजही वापरात आहेत. पहिल्या अवस्थेत नखाच्या कडेची त्वचा लाल होते, थोडी सूज येते व दाबल्यास दुखते. दुसऱ्या अवस्थेत जंतुसंसर्ग होऊन पू किंवा पाणी वाहू लागते व वेदना वाढतात. तिसऱ्या अवस्थेत जखम भरून काढण्याच्या शरीराच्या प्रयत्नातून लालभडक, किंचित स्पर्शाने रक्त येणारे कणमय मांसांकुर वाढतात आणि कडेची त्वचा कायमची जाड होऊन नखावर चढते. पहिल्या अवस्थेत विकार शस्त्रक्रियेवाचून बरा होऊ शकतो. तिसऱ्या अवस्थेत ती बहुधा अटळ असते.

निदान : बोट पाहताच निदान होते, तरीही काही गोष्टी तपासणे आवश्यक असते. संसर्ग दीर्घकालीन असल्यास खालच्या हाडापर्यंत तो पोहोचून अस्थिमज्जाशोथ झाला आहे काय, किंवा नखाखाली हाडाचा उंचवटा वाढून तो नख वर ढकलीत आहे काय, हे क्ष-किरण चित्राने समजते. पावलावरील रोहिण्यांचे ठोके हाताने तपासून रक्तपुरवठा पुरेसा असल्याची खात्री करतात. नखाशेजारी न भरणारी व वारंवार रक्त येणारी गाठ क्वचित त्वचेच्या कर्करोगाची असू शकते. म्हणून संशयास्पद ऊतक काढल्यावर ते सूक्ष्मदर्शकीय परीक्षेसाठी पाठविणे इष्ट असते.

इतिहास : सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘चिप्प’ व ‘कुनख’ असे नखांचे दोन विकार सांगितले आहेत. नखाच्या मांसात दाह, वेदना व पाक (पू होणे) उत्पन्न करणारा चिप्प हा आजच्या नखुरड्याला व संसर्गयुक्त अंतर्वर्धी नखाला जवळचा आहे. त्यावर ऊन पाण्याने शेक देऊन दूषित भाग कापून काढावा, नंतर तेल लावून राळेचे चूर्ण भुरभुरावे व पट्टी बांधावी आणि याने साध्य न झाल्यास अग्नीने डाग द्यावा, असा उपचार तेथे आहे. दूषित भाग काढणे व न जमल्यास मुळावर दाह करणे हा क्रम लक्षणीय आहे. आधुनिक शस्त्रक्रिया वेगळ्या मार्गाने याच दोन क्रियांपाशी येऊन पोहोचली.

यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद द्यूपुईत्रां हे कात्रीचे टोकदार पाते नखाखाली घालून नख मधोमध चिरीत व दोन्ही अर्धे चिमट्याने उपटून काढीत. १८४६ पूर्वी ईथराचा वापर माहीत नसल्यामुळे हे सर्व रुग्ण शुद्धीवर असताना करावे लागे. १८८४ मध्ये कोकेनाचा स्थानिक संवेदनाहारक म्हणून उपयोग सुरू झाला आणि १९४३ मध्ये लिग्नोकेन हे अधिक निर्धोक औषध तयार करण्यात आले. त्यानंतरच बोटापुरती बधिरता आणून सावकाश व काटेकोरपणे नखाच्या मुळापर्यंत जाणे सर्वत्र शक्य झाले.

दुसरा धागा फिनॉलाचा आहे. ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमांवर फिनॉल (कार्बॉलिक अम्ल) वापरले व १८६७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेली ससून रुग्णालयाची इमारत पूर्ण झाली. पुढे १८७८ मध्ये तेथे बी. जे. वैद्यक शाळा निघाली व १९४६ मध्ये तिचे महाविद्यालयात रूपांतर झाले. लिस्टर यांच्या काळी जंतुनाशक म्हणून प्रसिद्धीस आलेले हे रसायन त्या कामासाठी पुढे मागे पडले; परंतु ऊतक जाळण्याच्या त्याच्या गुणामुळे अंतर्वर्धी नखाच्या उपचारात त्याला कायमचे स्थान मिळाले.

शस्त्रक्रियेविना उपचार : पहिल्या अवस्थेत पाय रोज १०–१५ मिनिटे कोमट पाण्यात बुडवून कोरडा करणे, सैल किंवा उघडे पादत्राण वापरणे व नख सरळ वाढू देणे एवढ्याने अनेकदा आराम पडतो. नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवून तो त्वचेपासून उचलून धरतात. चिकटपट्टीने कडेची त्वचा नखापासून बाजूस ओढून ठेवणे, नखाच्या कडेवर उभी चिरलेली प्लॅस्टिकची बारीक नळी बसविणे किंवा वक्र नखावर तारेची अथवा प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून ते हळूहळू सपाट करणे, याही पद्धती आहेत. या उपचारांना चिकाटी लागते व ते काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत चालू ठेवावे लागतात. नखाच्या पुढच्या कडेस मध्यभागी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच पाडल्यास कडा आत ओढल्या जातात, अशी समजूत आहे. ती निराधार आहे, कारण नखाची वाढ मुळापासून होते आणि पुढच्या निर्जीव टोकास दिलेल्या आकाराचा तिच्यावर परिणाम होत नाही.

केवळ प्रतिजैव औषधे घेत राहणे हा उपचार नव्हे. रुतलेले नख एखाद्या काट्याप्रमाणे परका पदार्थ म्हणून वागते. ते काढल्यावर निरोगी व्यक्तीतील स्थानिक संसर्ग सामान्यतः औषधांवाचूनही ओसरतो. संसर्ग पावलावर पसरला असेल, ताप येत असेल किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर मात्र प्रतिजैव औषधे आवश्यक ठरतात.

शस्त्रक्रिया : बहुतेक सर्व शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण विभागात, स्थानिक संवेदनाहरणाखाली होतात व रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) करून तंत्रिका (मज्जा) बधिर करतात. सुई टोचताना वेदना होतात. नंतर ५ ते १० मिनिटांत बोट पूर्ण बधिर होते. रक्तस्राव थांबविण्यासाठी बोटाच्या बुडाशी रबरी पट्टा आवळतात. रक्ताने भरलेल्या जागेत नखजनक ऊतक नीट दिसत नाही व फिनॉलही रक्तात मिसळून निष्प्रभ होते; म्हणून हा पट्टा महत्त्वाचा असतो. काम होताच तो आठवणीने सोडणे त्याहून महत्त्वाचे असते, कारण पट्टीखाली विसरून राहिलेल्या पट्ट्यामुळे बोट कुजू शकते.

मुख्य शस्त्रक्रिया पुढीलप्रमाणे आहेत :

(१) संपूर्ण नख काढणे : यात नखपट्ट नखशय्येपासून सोडवून संपूर्ण काढतात. पू वाहून जातो व वेदना लगेच थांबतात. मात्र नखजनक ऊतक तसेच राहिल्याने एक ते दीड वर्षात नख पूर्ववत वाढते. दरम्यान नखाचा दाब नसल्याने अंगठ्याच्या टोकाचे मांस वर उचलले जाते व नव्या नखाच्या वाटेत अडथळा होतो. त्यामुळे निम्म्याहून अधिक रुग्णांत विकार पुन्हा होतो. तीव्र संसर्गात तात्पुरती सुटका म्हणून या शस्त्रक्रियेचा उपयोग आहे. कायमचा उपाय म्हणून ती योग्य नाही. एकाच बोटाचे नख दोनतीनदा उपटूनही रुग्ण बरा होत नाही, याचे कारण त्याचा निष्काळजीपणा नसून शस्त्रक्रियेची मर्यादा हे असते.

(२) नखाची कड काढणे : रुतलेल्या बाजूची सु. ३–४ मिमी. रुंदीची पट्टी पुढच्या टोकापासून मुळापर्यंत उभी कापून काढतात. उरलेले नख जागेवर राहिल्याने बोटाचे संरक्षण होते व जखम लवकर भरते. मुळावर काही उपचार न केल्यास हीदेखील तात्पुरतीच ठरते. परंतु पुढील दोन पद्धतींची ती पहिली पायरी आहे.

(३) कड काढून मुळावर फिनॉल लावणे : अमेरिकेतील पादचिकित्सक ऑटो बोल यांनी १९४५ मध्ये ही पद्धत मांडली. नखाची कड काढल्यानंतर भोवतालच्या त्वचेवर मलम लावून ती सुरक्षित करतात. मग ८० ते ८८ टक्के तीव्रतेच्या फिनॉलात भिजविलेला कापसाचा बारीक बोळा नखजनक ऊतकाच्या कोपऱ्यात एकूण १ ते ३ मिनिटे घासतात व नंतर ती जागा अल्कोहॉलाने धुतात. फिनॉल ऊतकातील प्रथिनांचे साकळण करून ते नष्ट करते. त्याच वेळी ते जंतुनाशक असून तंत्रिकांची टोकेही बधिर करते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी होतात. टाके घालावे लागत नाहीत व संसर्ग असतानाही ही पद्धत वापरता येते. रासायनिक भाजल्यामुळे जखमेतून दोन ते चार आठवडे पाणी येत राहते, हा तिचा मुख्य तोटा होय. हे पाणी म्हणजे पू नव्हे, हे रुग्णास आधी सांगणे आवश्यक असते. योग्य रीतीने केल्यास विकार पुन्हा होण्याचे प्रमाण थोडे असते. गरोदरपणी फिनॉल टाळतात. फिनॉलाऐवजी १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ट्रायक्लोरोॲसिटिक अम्लही वापरले जाते. फरशी पुसण्याचे फिनाइल म्हणजे हे औषध नव्हे; ते किंवा कोणतेही दाहक द्रव्य घरी बोटास लावल्यास खोल भाजते.

(४) पाचरीच्या आकाराचा छेद : अमेरिकेतील विनोग्राड यांनी १९२९ मध्ये वर्णिलेल्या या पद्धतीत नखाची कड, तिच्याखालील नखशय्या व नखजनक ऊतकाचा कोपरा हे सर्व शस्त्राने काढून टाके घालतात. तिसऱ्या अवस्थेत कडेचे सुजलेले मांसही त्याबरोबर काढता येते. टाक्यांमुळे जखम सु. दोन आठवड्यांत भरते व पाणी वाहत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर वेदना अधिक होतात आणि यश शस्त्रक्रियाविशारदाच्या कौशल्यावर अवलंबून असते. कोपऱ्यातील ऊतक थोडे जरी राहिले, तरी नखाचा काटा पुन्हा उगवतो. सक्रिय पू असल्यास प्रथम संसर्ग आटोक्यात आणून मग ही शस्त्रक्रिया करणे श्रेयस्कर असते.

(५) संपूर्ण नखजनक ऊतक काढणे : १९५० मध्ये इंग्लंडमधील झाडिक यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. यात नख व सर्व नखजनक ऊतक काढून त्वचेचा पडदा पुढे ओढून शिवतात. नख पुन्हा येत नाही व त्या जागी कठीण त्वचा तयार होते. दोन्ही कडा वारंवार रुतणे किंवा नख अतिशय जाड व वेडेवाकडे होणे अशा निवडक रुग्णांसाठी ती राखून ठेवतात.

(६) मांसल भाग काढणे : १९५९ मध्ये अमेरिकन सैन्यातील व्हँडेनबॉस व बॉवर्स यांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते नख निर्दोष असते व पायावर भार पडताना कडेचे जादा मांस त्याच्यावर दाबले जाणे हे खरे कारण असते. म्हणून ते नखास हात न लावता त्याच्या कडेचे मांस मोठ्या प्रमाणात काढून टाकीत व जखम टाक्यांविना भरू देत. नख नैसर्गिक रुंदीचे राहते व विकार सहसा पुन्हा होत नाही. परंतु जखम मोठी असल्याने ती भरण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मांस फार वाढलेल्या रुग्णांत ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

(७) अन्य पद्धती : नखजनक ऊतक नष्ट करण्यासाठी विद्युत् दहन, रेडिओ कंप्रतेची ऊर्जा व कार्बन डाय-ऑक्साइड लेसर यांचाही उपयोग केला जातो. तत्त्व फिनॉलाचेच असून साधन अधिक खर्चाचे असते. पूर्वी हट्टी विकारात अंगठ्याच्या शेवटच्या हाडाचा काही भाग नखासह काढून टाकीत. स्कॉटिश शस्त्रक्रियाविशारद साइम यांचे नाव लाभलेली ही शस्त्रक्रिया आता क्वचितच करावी लागते.

शस्त्रक्रियेची निवड : तुलनात्मक अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात २४ अभ्यासांचा समावेश होता. विकार पुन्हा होऊ नये या दृष्टीने शस्त्रक्रिया ही अन्य उपचारांहून अधिक परिणामकारक असून नख काढण्यास फिनॉलाची जोड दिल्यास पुनरुद्भव कमी होतो, असा त्याचा आशय आहे. सर्वसाधारणपणे पहिल्या अवस्थेत शस्त्रक्रियेविना उपचार; दुसऱ्या अवस्थेत, किंवा विकार उलटल्यास, कड काढून फिनॉल; आणि तिसऱ्या अवस्थेत फिनॉल, पाचरीचा छेद किंवा मांसल भाग काढणे यांपैकी योग्य ती पद्धत, असा क्रम ठेवतात. नवजात बालकांत नख रुतल्यासारखे दिसले, तरी ते बहुधा वाढीबरोबर आपोआप सुधारते. तेथे शस्त्रक्रियेची घाई करू नये. रुग्णाने ‘नख काढणार काय’ एवढेच न विचारता ‘मुळाच्या कोपऱ्याचे काय करणार’ हेही विचारणे हिताचे आहे.

मधुमेही रुग्ण : मधुमेहात तंत्रिकांना इजा होऊन पावलाची संवेदना कमी होते. त्यामुळे नख रुतूनही दुखत नाही व रुग्ण उशिरा येतो. रोहिण्या अरुंद झालेल्या असल्यास जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही व लहानशा छेदातूनही कोथ (ऊतक कुजणे) होऊन बोट गमवावे लागण्याचा धोका असतो. अशा रुग्णांत नखाला हात लावण्यापूर्वी रक्तातील साखर व पावलाचा रक्तपुरवठा तपासणे अनिवार्य आहे. रक्तपुरवठा अपुरा असल्यास प्रथम त्यावर उपचार करतात व तोवर नखाची शस्त्रक्रिया शक्यतो पुढे ढकलतात. रक्तपुरवठा चांगला व साखर नियंत्रित असल्यास मधुमेहातही ही शस्त्रक्रिया सुरक्षितपणे करता येते.

साखरेची तपासणी केवळ लठ्ठ व्यक्तींपुरती मर्यादित ठेवणे योग्य नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाने शहराजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून माता व बालके यांचा दीर्घकालीन अभ्यास केला. भारतीय अर्भके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यात दिसून आले. मधुमेहाची प्रवृत्ती अंगकाठीवरून ओळखता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. अंगठ्याची जखम भरत नसलेला सडपातळ मध्यमवयीन मनुष्य मधुमेही असू शकतो व कधीकधी रुतलेल्या नखाच्या निमित्तानेच त्याचा मधुमेह प्रथम उघडकीस येतो. [→ मधुमेह].

शस्त्रक्रियेनंतरची काळजी : पहिले एकदोन दिवस पाय उंचावर ठेवून विश्रांती घ्यावी. पट्टी रक्ताने भिजल्यास, बोट काळेनिळे पडल्यास किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेल्यास ताबडतोब वैद्यास दाखवावे. पहिली पट्टी काढल्यानंतर, टाके नसल्यास, जखम रोज स्वच्छ कोमट पाण्याने धुऊन नवी पट्टी बांधतात. जखम भरेपर्यंत पुढे उघडी चपल वापरावी. पावसाळ्यात रस्त्यावरील पाणी व चिखल जखमेस लागणार नाही अशी दक्षता घ्यावी. पुण्यासारख्या दुचाकी वाहनांच्या शहरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मोटरसायकलीचा गिअर डाव्या पायाच्या अंगठ्याने उचलावा लागत असल्याने त्या बोटाची शस्त्रक्रिया झालेल्याने जखम भरेपर्यंत ती चालवू नये.

प्रतिबंध : पायाची नखे आंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापावी. कोपरे बोटाच्या टोकापर्यंत मोकळे राहतील इतके नख ठेवावे व धारदार टोक घासून बोथट करावे. जोडा घेताना तो संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, मोजे घालून पाहावा. सर्व बोटे आत हलविता आली पाहिजेत. वाढत्या मुलांचे शाळेचे बूट लहान झाले आहेत काय, हे अधूनमधून तपासावे. मोजे रोज बदलावे आणि पाय बोटांच्या बेचक्यांसह कोरडे ठेवावे. मधुमेही व वृद्ध व्यक्तींची नखे घरातील दुसऱ्या कोणी चांगल्या उजेडात कापणे अधिक सुरक्षित असते. कड लाल होऊन दुखू लागताच कोपरा खोल कापण्याऐवजी वैद्याचा सल्ला घेतल्यास बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रियेची वेळ येत नाही.